कार्ल्याचे शैलगृह: राजाविना ठरलेला आराखडा

दख्खनच्या प्राचीन इतिहासाची मांडणी आपल्याकडे बहुतेक वेळा राजघराण्यांच्या क्रमाने होते. आधी सातवाहन, मग क्षहरात क्षत्रप, पुन्हा सातवाहन, नंतर वाकाटक. या क्रमात लेणी येतात ती कुठल्यातरी राजवटीची शोभा म्हणून. मावळातील कार्ल्याचे चैत्यगृह मात्र या मांडणीत बसत नाही. भारतातील दगडात कोरलेल्या चैत्यगृहांत ते सर्वांत मोठे. सुमारे १२४ फूट लांब, साडेपंचेचाळीस फूट रुंद आणि तितकेच उंच. एवढ्या मोठ्या वास्तूच्या ओसरीतील मुख्य लेखात ती पूर्ण केल्याचे श्रेय कुणा राजाला दिलेले नाही. हे शैलगृह वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या शेठीने सिद्धीस नेले आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे, असा त्या लेखाचा आशय आहे. वैजयंती म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासी, असे अभ्यासक मानतात.

भूतपालने काम सिद्धीस नेले, पण ते एकट्याच्या पैशातून झाले नाही. आतल्या खांबांवर, दारावर, हत्तींवर आणि वेदिकापट्टीवर वेगवेगळ्या लोकांची नावे आहेत. कुणी सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, कुणी सुतार, कुणी भिक्षुणी, कुणी स्वतःला ‘यवन’ म्हणवणारा. ही माणसे एका गावची नव्हती, एका जातीची नव्हती, एका व्यवसायाची नव्हती. तरीही वास्तूत कुठे ओढाताण दिसत नाही. मग इतक्या स्वतंत्र लोकांनी एक घर एका आराखड्यावर बांधले कसे?

जुना प्रश्न, नवे नाव

हा प्रश्न आज हिंजवडीत संगणकासमोर बसणाऱ्यांना अगदी परिचयाचा आहे. मोठ्या संस्थेतील कामकाज, माहिती आणि यंत्रणा यांचा एकत्रित आराखडा करण्याच्या शास्त्राला ते ‘एंटरप्राइज आर्किटेक्चर’ म्हणतात. या विषयाचा पाया मानला जाणारा जॉन झॅकमन यांचा लेख १९८७ साली प्रसिद्ध झाला. झॅकमन यांनी माहिती-यंत्रणेची तुलना इमारतीच्या बांधकामाशी केली होती. पुढे अनेक कंपन्यांनी मिळून चालवलेल्या संघामार्फत १९९५ साली ‘टोगाफ’ हे सामाईक मानक आले. आज ‘द ओपन ग्रुप’ ही संस्था ते सांभाळते. आपल्याकडे २००८ साली रिझर्व्ह बँक आणि इंडियन बँक्स असोसिएशन यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय देयक महामंडळ स्थापन झाले. दहा बँका त्याच्या मूळ प्रवर्तक होत्या. एरवी एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या बँकांनी एक सामाईक पद्धत मान्य केली, म्हणून २०१६ पासून यूपीआयने भाजीवाल्याकडेही पैसे देता येऊ लागले.

या सगळ्याचे मर्म एकच आहे. प्रत्येकाने आपापला भाग आपल्या खर्चाने करायचा, पण जोडणीचे नियम सर्वांचे एक असायचे. हा विचार गेल्या तीस-चाळीस वर्षांतला आहे, असे मानण्याची आपल्याला सवय झाली आहे. मावळातला डोंगर वेगळे सांगतो.

घाटवाट, बंदर आणि श्रेणी

लेणी कुठे आहेत हे नकाशावर पाहिले की त्यांचे अर्थकारण उलगडू लागते. इंद्रायणीच्या खोऱ्याच्या एका बाजूला कार्ले, समोर भाजे, जवळच बेडसे. घाट उतरल्यावर कर्जतच्या बाजूला कोंडाणे. उत्तरेला जुन्नर आणि त्याला कोकणाशी जोडणारा नाणेघाट. खाली सोपारा आणि कल्याण ही बंदरे. इ.स. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात सोपारा, कल्याण, पैठण आणि तेर या चारही ठिकाणांची नोंद आहे. म्हणजे तेरचे कापड आणि पैठणचा माल बंदराकडे जाण्याच्या या वाटा समुद्रापलीकडेही माहीत होत्या.

या वाटांवर काम करणाऱ्यांच्या संघटना होत्या. त्यांना ‘श्रेणी’ म्हणत, लेखांतील प्राकृतात ‘सेणि’. जुन्नरच्या एका लेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. तिथल्याच लेखांत बांबूचे काम करणारे आणि ‘कासाकार’, म्हणजे आपले कासार, यांच्या श्रेणीही भेटतात. कार्ल्याला एक खांब धेनुकाकट येथील ‘वाणियगाम’ने, म्हणजे वाण्यांच्या समूहाने दिला आहे. तिथे एका व्यक्तीचे नाव नाही, दाता म्हणून समूहच उभा आहे.

या लेखांतले शब्द वाचताना मराठी माणसाला परके वाटू नये. सेठी म्हणजे शेठ, वाणिय म्हणजे वाणी, गंधिक म्हणजे गांधी, आणि वढकी म्हणजे विदर्भात आजही ऐकू येणारा वाढई.

भाजे ते कान्हेरी

कार्ल्याचा आराखडा कार्ल्यात जन्मला नाही. समोरच्या डोंगरातील भाज्याचे चैत्यगृह त्याहून बरेच जुने, इ.स.पू. दुसऱ्या शतकातले मानले जाते. त्याची मांडणी पाहिली की कार्ल्याची पूर्वतयारी दिसते. लांबट दालन, त्याचे मागचे टोक अर्धवर्तुळाकार, तिथे स्तूप, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, वर कमानदार छत आणि दर्शनी बाजूला घोड्याच्या नालेच्या आकाराची भव्य खिडकी. हा सगळा आकार मुळात लाकडी इमारतीचा. भाज्याचे खांब वर जाताना आतल्या बाजूला कललेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा भार खांबांना बाहेर ढकलतो, म्हणून ते आत कलवावे लागतात. अखंड कातळात त्याची काही गरज नव्हती. तरी भाज्याच्या कारागिरांनी जुना नियम पाळला.

बेडसे आणि कार्ल्याला हे खांब सरळ उभे राहिले. अनुभवाने कळले की या नियमाचे कारण आता उरलेले नाही, आणि तो गळाला. पण सगळेच गळाले नाही. कार्ल्याच्या छताला आजही सागवानी लाकडाच्या कमानी बसवलेल्या दिसतात. छत त्यांच्यावर तोललेले नाही. त्या काढल्या तरी कातळ खाली येणार नाही. पण पाहणाऱ्याच्या मनात चैत्यगृह म्हणजे अशा कमानी असलेले घर, ही ओळख पक्की होती आणि ती जपणे आवश्यक वाटले. सुमारे दोन हजार वर्षांनी ते लाकूड अजून तिथे आहे.

पुढची पायरी कान्हेरीची. तिथले मोठे चैत्यगृह कार्ल्यानंतर काही दशकांनी, दुसऱ्या शतकात व्यापारी भावांच्या दानातून उभे राहिले. त्याचा नमुना उघडपणे कार्ल्याचा आहे. दालन आकाराने लहान, शिल्पांची सफाई कमी, आणि काही खांबांना कुंभाची बैठक व माथ्यावरचे प्राणी आहेत, तर काही खांब साधे अष्टकोनी राहिले आहेत. काम कुठे थांबले ते नजरेला दिसते. एक नमुना सर्वमान्य झाला की मागून येणारे आपल्या ऐपतीप्रमाणे तो वापरतात, हे इथे कळते.

कातळाला खोडरबर नसतो

विटांची भिंत चुकली तर पाडून पुन्हा बांधता येते. कोरलेल्या लेण्यात ती सोय नाही. काढलेला दगड परत बसत नाही. शिवाय काम वरून खाली जाते. आधी माथ्याकडून छताचा भाग मोकळा करायचा, तिथली घडण पुरी करायची आणि मग हळूहळू जमिनीकडे यायचे. यात परातीची गरज कमी लागते, पण खांब कुठे येणार हे छत कोरतानाच माहीत असावे लागते. जो दाता अजून मिळालेला नाही, त्याच्या खांबासाठीही दगड सोडून ठेवावा लागतो.

म्हणजे आराखडा आधी आणि देणगीदार नंतर, असाच हा क्रम असला पाहिजे. कार्ल्यात दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब आहेत. खाली कुंभाच्या आकाराची बैठक, मधे अष्टकोनी खांब, वर उलटा कुंभ, त्यावर पायऱ्यांसारख्या तबकड्या आणि शेवटी गुडघे टेकलेल्या हत्तींवर बसलेली जोडपी. स्तूपामागचे सात खांब साधे अष्टकोनी आहेत. तिथे प्रकाश कमी आणि नजर पोहोचत नाही, म्हणून खर्चही वाचवला असावा. तीस खांबांचा साचा एक आहे. पण वरची जोडपी नीट पाहिली तर चेहरे, केशरचना, दागिने वेगवेगळे आहेत. धर्मानंद कोसंबींचे पुत्र, गणिती आणि इतिहासकार दामोदर कोसंबी यांनी एका खांबाच्या माथ्यावरील स्फिंक्ससारख्या आकृतीकडे लक्ष वेधले होते. भूमध्य समुद्राकडची ही कल्पना मावळातल्या खांबावर चढली, आणि तरीही खांबाची उंची, जाडी वा जागा बदलली नाही. जोडणीच्या जागी शिस्त आणि उरलेल्या जागी मोकळीक, हा चांगल्या मानकाचा गुण इथे दगडात पाहायला मिळतो.

देखरेख कोण करत असे, याचा अंदाज कान्हेरीच्या चैत्यगृहातील लेखावरून येतो. तिथे कामावर लक्ष ठेवणाऱ्या भिक्षूंबरोबर ‘सेलवढकी’, म्हणजे दगडातले वाढई, आणि दगड घासून गुळगुळीत करणारे ‘मिठिक’ यांचा उल्लेख आहे. पैसा व्यापाऱ्यांचा, देखरेख संघाची आणि हात कारागिरांचे, अशी कामाची वाटणी होती.

खांबावरची नावे

कार्ल्याचे दाते एकेक करून पाहण्यासारखे आहेत. बाहेरचा सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणक याने दिला. महारठी हे मोठे स्थानिक पद. ओसरीतले हत्ती आणि त्यांच्या वरची-खालची वेदिका इंद्रदेव नावाच्या स्थविर भिक्षूची. दाराचे दान धेनुकाकटच्या सिंहदत्त या गंधिकाचे, आणि धेनुकाकटच्याच सामी नावाच्या वढकीने दाराचे काम केल्याची नोंद आहे. सोपाऱ्याहून आलेल्या सातिमित या भिक्षूने दिलेल्या खांबात पवित्र अवशेष ठेवलेले होते. वेदिकेचा एक भाग कोडी नावाच्या भिक्षुणीचा. घुणिकाची आई अशी तिची ओळख दिली आहे, आणि ते काम नदिक याने केले, असेही तिथे लिहिले आहे.

सगळ्यांत जास्त चर्चा झाली ती यवनांची. धेनुकाकटच्या सिंहध्वज नावाच्या यवनाने एक खांब दिला, धर्म नावाच्या यवनाने दुसरा, आणि असे आणखीही काही आहेत. नावे भारतीय, पण ओळख यवन. पश्चिमेच्या समुद्रावरून आलेली, किंवा त्यांच्या वंशातली ही माणसे इथल्या धर्मसंघात सामील झाली आणि इथल्या लिपीत, इथल्या प्राकृतात आपले नाव कोरून गेली. धेनुकाकट नेमके कुठे, यावर अभ्यासकांत एकमत नाही. कोसंबींनी १९५५ साली त्यावर स्वतंत्र निबंध लिहून ते कार्ल्याच्या आसपासच शोधले. पुढे पुळुमावीच्या कारकिर्दीच्या चोविसाव्या वर्षी हरफरण नावाच्या माणसाने नऊ खोल्यांचा मंडप दिला. त्याचे आणि त्याच्या वडिलांचे, सेतफरणचे, नाव ऐकले की इराणी छटा लगेच जाणवते.

कोण मूळचा आणि कोण बाहेरचा, या प्रश्नावर आज आपण किती सहज भांडतो! कार्ल्याच्या रांगेत यवनाचा खांब वाण्यांच्या खांबाइतकाच उंच आहे. छताखालची प्रत्येक जागा सारखी होती. ती जागा कुणाला मिळेल, याची अट वंश नव्हती. ठरलेल्या मापात काम करून देणे, एवढीच अट होती.

अक्षयनीवी

वास्तू उभी राहिली म्हणजे काम संपत नाही. तिथे राहणाऱ्यांना वस्त्र लागते, अन्न लागते, पावसाळ्यात चार महिने निवारा लागतो. यासाठी जी व्यवस्था झाली तिचा सर्वांत स्पष्ट पुरावा नाशिकच्या दहाव्या लेण्यात आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तिथे तीन हजार कार्षापणांची ‘अक्षयनीवी’ ठेवली. अक्षयनीवी म्हणजे मुद्दल कधीच परत न घेता फक्त व्याज वापरायची ठेव. ही रक्कम राजकोषात न ठेवता गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली गेली. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक दराने. एक हजार दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण दराने.

हा हिशेब तपासून पाहता येतो. दोन हजारांवर महिन्याला वीस, म्हणजे वर्षाला २४० कार्षापण. लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी द्यायचे, असे लेखात म्हटले आहे. वीस गुणिले बारा म्हणजे २४०. व्याजाचा पैसा न् पैसा जागेवर लागतो. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा ताळेबंद आजच्या कुठल्याही संस्थेच्या लेखापरीक्षणात उत्तीर्ण होईल.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. हा व्यवहार निगमसभेत जाहीर वाचून दाखवला गेला आणि फलकावर नोंदवला गेला. म्हणजे ठेवीदार सत्ताधारी घराण्यातला असला तरी करार शहराच्या सभेपुढे आला. ठेव सांभाळण्याची पत विणकरांची होती. राजाच्या जावयालाही भरवसा ठेवावासा वाटला तो त्यांच्यावर.

राज्य बदलले, मसुदा तोच

कार्ल्याचे जुने नाव वालुरक. याच उषवदाताने वालुरकच्या लेण्यांतील भिक्षूंना वर्षावासाच्या निर्वाहासाठी करजिक हे गाव दिले होते. चारी दिशांहून येणाऱ्या संघासाठी हे दान होते. त्यानंतर गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा पराभव केला. शत्रूने दिलेले दान नव्या राजाने रद्द केले असते तर कुणाला नवल वाटले नसते. प्रत्यक्षात कार्ल्यातच दुसरा लेख आहे. त्यात मामाळच्या अमात्याला आज्ञा देऊन ते गाव संघाकडे कायम केले आहे. मामाळ म्हणजे आपले मावळ.

त्या आज्ञेची भाषा पाहण्यासारखी आहे. या जमिनीत राजाच्या माणसांनी शिरू नये, हात लावू नये, मिठासाठी खणू नये, अशा सवलतींची ठरावीक यादी आहे, आणि तीच यादी नाशिकच्या सातवाहन लेखांतही भेटते. नाव, गाव, तारीख बदलायची आणि बाकीचा मसुदा तसाच ठेवायचा. दूरच्या अधिकाऱ्याला संदिग्धता उरू नये म्हणून केलेली ही सोय आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर दस्तऐवजाचे मानक.

नाण्यांचेही तसेच झाले. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. ती नहपानाची नाणी होती, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारून घेतला होता. त्याने ती वितळवली नाहीत. वजन आणि चांदी बाजाराने आधीच मान्य केली होती. विजेत्याने आपले चिन्ह उमटवले आणि बाजाराचे माप तसेच राहू दिले. राजांना कळत होते की व्यापाऱ्यांनी, विणकरांनी, संघाने मिळून जी घडी बसवली आहे ती मोडली तर आपलाही महसूल बुडेल.

नंतरच्या शतकांत कार्ल्याच्या दर्शनी भिंतीवर बुद्धमूर्ती कोरल्या गेल्या. श्रद्धेचे रूप पालटले, तशी भिंतीवर नवी शिल्पे आली. अंगणात एकवीरा आईचे मंदिर उभे राहिले आणि कोळी, आगरी व कितीतरी समाजांची पावले आजही त्या पायऱ्या चढतात. मूळ दालन मात्र तसेच आहे. भर घालता येईल आणि सांगाडा हलणार नाही, एवढी जागा त्या आराखड्यात होती.

नोंदीबाहेरचे लोक

या चित्राला सोनेरी मुलामा देण्याचे कारण नाही. सामी आणि नदिक ही कारागिरांची नावे उरली, पण छिन्नी चालवणाऱ्या शेकडो हातांची नावे त्या भिंतीवर नाहीत. ज्याच्याकडे खांबापुरता पैसा होता त्याचे नाव लागले. करजिक गावाच्या शेतकऱ्यांना कुणी विचारले होते का, हे लेख सांगत नाहीत. दानात दिले गेले ते गाव होते, आणि पावसाळ्यात भिक्षू जेवत होते ते त्या शेतकऱ्यांच्या घामावर. सहमती झाली ती पैसा, पत किंवा धर्माधिकार असलेल्यांमध्ये. आजच्या उद्योगसंघांतही हेच होते. मानक ठरवणाऱ्या मेजाभोवती मोठे सभासद बसतात, आणि ज्यांना ते रोज वापरायचे असते ते बाहेर असतात.

तरीही कार्ल्याचा धडा मोलाचा राहतो, कारण आपल्यासमोर दुसरा एक मोह सतत उभा असतो. कुठलीही मोठी गोष्ट एका बलवान माणसाच्या हुकमानेच होते, असे मानण्याचा हा मोह आहे. मावळातल्या डोंगरात दुसरी गोष्ट घडली. बनवासीचा शेठ, सोपाऱ्याचा भिक्षू, धेनुकाकटचे यवन आणि वाणी, कुणा घुणिकाची आई, यांनी एका छताचे माप आधी मान्य केले. प्रत्येकाने आपला भाग आपल्या नावाने केला. शेजारच्या नाशकात तर अशा दानाचा हिशेबही चारचौघांत वाचला गेला. राजे आले आणि गेले. त्यांनी या घराला गाव दिले, कर माफ केले. आराखड्याला मात्र त्यांनी हात लावला नाही.

कार्ल्याला गेलात तर शिल्पांचे फोटो काढून झाल्यावर थोडा वेळ खांबांजवळ थांबा. ब्राह्मी वाचता आली नाही तरी चालेल. प्रत्येक रेघ कुणाची तरी सही आहे आणि प्रत्येक सही शेजारच्या सहीच्या मापात बसते, एवढे ध्यानात आले तरी पुरे.